'तुला बरा ठाऊक आहे डोस!'

प्रिय डॉक्टरताई,

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. तांबड्या रक्तपेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार आहे त्याला: सिकलसेल, एसएस. एसएस म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला प्रकार. वर्षातून दोन-तीनदा तरी क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनांचा झटका, येतोच. गेल्या महिन्यात रात्री पाठ आणि मांड्या इतक्या ठणकायला लागल्या की घरच्या गोळ्यांनी काही होईना, म्हणून इमर्जन्सीत नेलं. ड्युटीवरचे डॉक्टर नवे होते. भावाने सरळ सांगितलं, मला मॉर्फिन लागतं, मागच्या वेळी एवढा डोस दिला होता. डॉक्टर त्याच्याकडे बघून म्हणाले, 'तुला बरा ठाऊक आहे डोस!' मग सलाईन लागलं, पॅरासिटामॉल मिळालं आणि तीन तास आम्ही तसेच बसून. तो मोबाईल बघत होता, तर सिस्टर म्हणाल्या, एवढं दुखत असतं तर मोबाईल सुचला असता का? मी आवाज चढवला, त्याने आणखीच बिघडलं. पहाटे कधीतरी इंजेक्शन मिळालं.

परवा पुन्हा कळा सुरू झाल्या, तर तो गेलाच नाही. दोन दिवस दार लावून पडून होता. म्हणतो, काही झालं तरी तिथे पाय ठेवणार नाही.

पुढच्या वेळी औषधाचं नाव माहीत नसल्यासारखं दाखवावं का? किती दुखतंय विचारलं की दहाच सांगावं का? आणि आई म्हणते, या इंजेक्शनांची त्याला सवय लागेल. ते खरं आहे का?

एक बहीण



प्रिय ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण पत्र वाचताना मी थांबले ती तुम्ही प्रश्न म्हणून न विचारलेल्या ओळीपाशी. दोन दिवस दार लावून पडून होता. त्या रात्रीच्या अपमानाची खरी किंमत ही आहे, आणि म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

सिकलसेलमधली छातीची गंभीर गुंतागुंत, जिला अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात, ती पुष्कळदा पहिल्या दिवशी दिसतच नाही. आधी नेहमीसारख्या हाडांच्या कळा येतात आणि दोन-तीन दिवसांनी छाती बिघडते. पाठ आणि बरगड्या दुखत असल्या की माणूस पूर्ण श्वास घेत नाही. फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, ऑक्सिजन उतरतो, आणि ऑक्सिजन उतरला की तांबड्या पेशी आणखी वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. हे चक्र बंद दाराआड सुरू झालं तर कुणाला कळणार? तेव्हा त्याला एवढं तरी कबूल करायला लावा: ताप ३८.५ सेल्सिअस, म्हणजे १०१.३ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली, हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, कधी नव्हे असं डोकं दुखलं, किंवा एकदम पांढराफटक पडून पोट फुगलं, तर वाद न घालता निघायचं. तिथे कोण ड्युटीवर आहे याचा विचार तेव्हा करायचा नाही. आणखी एक लक्षण आहे, ते तो बहिणीला सांगणार नाही, म्हणून हे वाक्य त्याला स्वतःला वाचू द्या: लिंगाला आलेला ताठरपणा दुखतोय आणि चार तास झाले तरी उतरत नाही, तर तीही इमर्जन्सीच आहे. लाजेपायी सकाळची वाट बघू नये, कायमची इजा होते.

आता त्या डॉक्टरांकडे वळू. त्यांची बाजू घेत नाही, पण त्या टेबलाच्या पलीकडे मी बरीच वर्षं उभी राहिले आहे, त्यामुळे त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते सांगू शकते. हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं. हार्ट अटॅक ईसीजीत आणि रक्ततपासणीत सापडतो. सिकलसेलच्या क्रायसिसला अशी एकही तपासणी नाही. नाडी ठीक असू शकते, बीपी ठीक असू शकतं, हिमोग्लोबिनही त्या रुग्णाचं नेहमी असतं तेवढंच येऊ शकतं. रुग्ण सांगतो तोच पुरावा. आणि समोर एक तरुण मुलगा आहे, जखम नाही, सूज नाही, त्याला मॉर्फिनचं नाव माहीत आहे आणि डोसही पाठ आहे. नव्या डॉक्टरला एकीकडे मॉर्फिनने श्वास मंदावण्याची भीती, दुसरीकडे आपण फसवले जाऊ ही भीती. मधुमेहाचा रुग्ण 'मला सकाळी इतकं इन्सुलिन लागतं' म्हणाला की आपण त्याला शहाणा म्हणतो. इथे तेच शहाणपण संशयाचं कारण ठरतं. हा अन्याय आहे आणि तो तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही. अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांच्या नोंदींवर २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिकलसेलच्या रुग्णांना इतर रुग्णांपेक्षा सुमारे २५ टक्के आणि हाड मोडलेल्या रुग्णांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त वेळ थांबावं लागल्याचं दिसलं. प्राधान्यक्रमात त्यांना वरची जागा दिलेली असूनही हे असं.

मोबाईलचंही तसंच. ज्याला बालपणापासून दुखण्याची साथ आहे तो ओरडत नाही. तो गप्प पडतो, स्क्रीनकडे बघत राहतो, कधी कुणाच्या विनोदावर हसतोसुद्धा. लक्ष दुसरीकडे लावणं ही त्याने स्वतः शोधलेली वेदनाशामक युक्ती आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिकलसेलच्या २३२ प्रौढांनी रोज वेदनांची डायरी लिहिली होती. निम्म्याहून जास्त दिवसांत दुखण्याची नोंद होती, आणि दवाखान्यात गेल्याची नोंद जेमतेम साडेतीन टक्के दिवसांत. बाकीचं सगळं त्यांनी घरीच सोसलं. म्हणजे इमर्जन्सीच्या दारात जो येतो तो घरचे सगळे उपाय संपल्यावरच येतो. सिस्टरना हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता पहिला प्रश्न. माहीत नसल्याचं नाटक करू नका. एक तर ते धोक्याचं आहे: ज्याच्या शरीराला मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय औषधांची थोडीफार सवय आहे त्याला पहिल्यांदाच घेणाऱ्याचा डोस पुरत नाही, आणि एखाद्या औषधाने मागे त्रास झाला असेल तर तेही सांगायलाच हवं. शिवाय नाटक उघडं पडलं की उरलासुरला विश्वासही जातो. माहिती तीच राहू द्या, फक्त ती भावाच्या तोंडून न येता त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवरून येऊ द्या. अगदी एक पान, सही-शिक्क्याचं. पुढच्या फॉलोअपला, तो बरा असताना, मुद्दाम वेळ मागून हे पान करून घ्या. सिकलसेलसाठी अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजी या रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही डोस सरसकट न ठरवता त्या रुग्णाच्या पूर्वीच्या अनुभवावरून ठरवण्याला महत्त्व दिलेलं आहे. त्यामुळे हे पान मागताना आपण काही जगावेगळं मागतोय असं वाटून घेऊ नका.

पानावर काय असावं? मी असं लिहीन:

'निदान: सिकलसेल, एसएस. नेहमीचं हिमोग्लोबिन इतकं, नेहमीचा ऑक्सिजन इतका. नेहमीची वेदना १० पैकी २, क्रायसिसमध्ये ८-९. क्रायसिसमध्ये लागू पडलेलं औषध, डोस आणि देण्याचा मार्ग (शिरेतून की कातडीखाली): अमुक. पुन्हा देण्यातलं अंतर: अमुक. टाळावीत अशी औषधं: अमुक. अ‍ॅलर्जी: आहे किंवा नाही. शीर सापडायला कठीण, डाव्या हाताला प्रयत्न करावा. वेदना असताना हा रुग्ण शांत असतो, मोबाईल बघतो. त्यावरून वेदना कमी समजू नये. वेदना ५ वर आली आणि चालता आलं की घरी जाऊ शकतो. शंका असल्यास संपर्क: डॉक्टरांचा क्रमांक.'

मोबाईलचं वाक्य गाळू नका. डॉक्टरांच्या सहीखाली ते आलं की तो टोमणा पुन्हा ऐकावा लागण्याची शक्यता कमी. डोसाचे आकडे मी मुद्दाम रिकामे ठेवले आहेत. ते वजन, किडनी, लिव्हर आणि आधी घेतलेली औषधं बघून त्याच्या डॉक्टरांनीच भरायचे. एक प्रत भावाच्या पाकिटात, एक तुमच्याकडे, आणि फोटो दोघांच्या फोनमध्ये. शक्य असेल तर ज्या हॉस्पिटलात रात्री जाता तिथल्या इमर्जन्सीच्या प्रमुखांना दिवसा भेटून एक प्रत फाईलला लावून घ्या.

दारातून आत गेल्यावर पहिलं वाक्यही तयार असू द्या. 'खूप दुखतंय हो' हे तिथे दर पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणत असतं. त्याऐवजी: 'सिकलसेलचा रुग्ण आहे, एसएस, क्रायसिस आलाय, सहा तास झाले. घरी ही गोळी इतक्या वाजता आणि ही इतक्या वाजता दिली. वेदना ९. ताप नाही, धाप नाही. हे त्याच्या डॉक्टरांचं पत्र.' एवढं बोलून कागद पुढे करा. हे ऐकणाऱ्याला काम सोपं होतं, आणि सोपं झालेलं काम आधी होतं.

वेळेबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वेदनाशामकाचा पहिला डोस आल्यापासून तासाभरात मिळायला हवा आणि मग दर अर्ध्या ते एका तासाने वेदना पुन्हा तपासून डोस द्यायचा की नाही ते ठरवायला हवं, असं २०२० च्या त्या सूचना सांगतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१२ च्या सूचना तर अर्ध्या तासाचीच मुदत घालतात. माझ्या अनुभवात पहिला डोस कसाबसा मिळतो, गोची होते ती दुसऱ्याची. इंजेक्शन दिलं, केसपेपरवर टिक झाली, तेवढ्यात अपघाताची केस आली आणि तुमच्या कोपऱ्यातल्या खाटेकडे पुढचे दोन तास कुणी फिरकलं नाही. पहिल्या डोसाने आलेला आराम तोवर उतरून गेलेला असतो आणि सगळं पुन्हा शून्यापासून. म्हणून इंजेक्शन मिळालं की फोनवर अर्ध्या तासाचा अलार्म लावा. वाजला की जाऊन शांतपणे म्हणा, 'पहिल्या डोसला अर्धा तास झाला, नऊचा आठ झालाय फक्त, जागा आहे, नीट बोलतोय. पुन्हा बघता का?' त्यातलं 'जागा आहे, नीट बोलतोय' हे महत्त्वाचं. डॉक्टरला भीती असते ती गुंगी आणि मंद श्वासाची. त्याचं उत्तर तुम्ही आधीच देऊन टाकलंत. उलट तो फार पेंगत असेल, हाक मारल्यावर उठत नसेल, तर तेही तितक्याच तत्परतेने सांगायचं आणि तेव्हा पुढच्या डोसाचा आग्रह धरायचा नाही. बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लावून ठेवा असं तुम्हीही म्हणू शकता.

म्हणजे तुमच्या आवाज चढवण्याचं उत्तर यातच आलं. राग अगदी रास्त होता, पण आवाज चढला की खोलीतले सगळे वेदना सोडून तुमच्याकडे बघायला लागतात. बोलणारी व्यक्ती एकच ठेवा. दोनदा विचारून हललं नाही तर वरिष्ठ डॉक्टरांना बोलवायला सांगा, किंवा पत्रावरच्या डॉक्टरांना फोन लावून तो ड्युटी डॉक्टरांच्या हातात द्या. डॉक्टरने डॉक्टरला सांगितलेलं पटकन पटतं, ही आमच्या जमातीची खोड आहे. गेल्या महिन्यातल्या रात्रीबद्दल मात्र लेखी तक्रार जरूर करा, दिवसा, थंड डोक्याने: किती वाजता आलो, किती वाजता पहिलं इंजेक्शन मिळालं, मध्ये काय बोललं गेलं. विशेषणं नकोत, घड्याळ पुरेसं आहे.

दुसरा प्रश्न, दहा सांगावं का? सात असेल तर सातच सांगू द्या. मला ठाऊक आहे लोक दहा का सांगतात. सात म्हटलं की कुणी उठत नाही असा अनुभव आलेला असतो. पण आल्यावर दहा, इंजेक्शननंतर दहा, तासाभराने दहा, यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. औषध लागू पडतंय की नाही हे आकड्याच्या उतरण्यावरून समजतं, आणि दुसरा डोस त्यावरच मिळतो. आकड्याला जोड द्या ती हालचालीची: 'कूस बदलता येत नाही', 'पूर्ण श्वास घेतला की बरगडीत कळ येते', 'मघाशी बसता येत नव्हतं, आता येतंय'. आणि जागेतला फरक आवर्जून सांगा. 'नेहमी मांड्या दुखतात, आज छाती दुखतेय' हे वाक्य दहाच्या आकड्यापेक्षा जास्त घाई करायला लावणारं आहे, आणि ते खरं असेल तर लावलीच पाहिजे.

त्या रात्री नुसतं सलाईन लावून ठेवलं होतं, त्याबद्दलही थोडं. सलाईन म्हणजे उपचार सुरू झाला असं आपल्याला वाटतं, पण सलाईनने वेदना थांबत नाही. शरीरात पाणी कमी पडलं असेल तर ते हवंच. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर मात्र फुप्फुसात पाणी साचू शकतं. ऑक्सिजनचंही तेच, पातळी उतरली असेल तरच त्याचा उपयोग. पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारी वेदनाशामकं जोडीला चांगली, फक्त दुसऱ्या गटातली औषधं किडनीचा रिपोर्ट बघून आणि थोडे दिवसच. पेथिडीन हे जुनं इंजेक्शन काही ठिकाणी अजून हाताशी असतं. शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते साठत गेलं तर झटके येऊ शकतात, म्हणून सिकलसेलच्या कळांसाठी ते टाळतात. टाळायच्या यादीत त्याचं नाव घालायचं का, हे डॉक्टरांना विचारा. स्टिरॉइडही नुसत्या कळांसाठी देऊ नये असाच सल्ला आहे. रक्त चढवल्याने साधी कळ थांबत नाही; ते दुसऱ्या कारणांसाठी असतं. मॉर्फिनने खाज सुटली तर घाबरून केसपेपरवर 'अ‍ॅलर्जी' लिहून घेऊ नका, तो बहुतेक वेळा नेहमीचा दुष्परिणाम असतो आणि गोळीने आटोक्यात येतो. एकदा अ‍ॅलर्जी म्हणून लागलेला शिक्का पुढे प्रत्येक वेळी आडवा येतो. आणि शेकायचं ते गरमनेच. बर्फ नको, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात.

शीर सापडत नसेल तर थांबून राहण्याची गरज नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. कातडीखाली इंजेक्शन देता येतं, लहान मुलांना नाकातून फेंटॅनिल हे वेदनाशामक देता येतं. भरती करून घेतलं तर श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र मागून घ्या आणि जागा असेपर्यंत दर दोन तासांनी दहा मोठे श्वास घ्यायला लावा. वर जी छातीची गुंतागुंत सांगितली ती टाळायला याचा चांगला उपयोग होतो. तो कंटाळेल, तुमच्यावर चिडेल, चिडू द्या.

आता आईंचा प्रश्न. त्या काळजीपोटी विचारताहेत, त्यांना उडवून लावू नका. तीन गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो. काही दिवस औषध घेतल्यावर तोच डोस कमी पडायला लागणं, ही एक. औषध एकदम बंद केल्यावर अंग मोडून येणं, घाम सुटणं, ही दुसरी. या दोन्ही शरीराच्या प्रतिक्रिया आहेत, कुणालाही होतील. व्यसन ही तिसरी गोष्ट: नुकसान होतंय हे कळूनही औषधामागे धावणं, दुखत नसताना, झोपेसाठी किंवा उदास वाटतं म्हणून घेणं. क्रायसिसमध्ये देखरेखीखाली दिलेल्या इंजेक्शनाने तिसरी गोष्ट आपोआप होत नाही. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, आणि घरी दुखत नसताना गोळ्या संपताना दिसल्या तर त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांशी उघड बोला. पण ती चर्चा दिवसाच्या ओपीडीतली आहे. रात्री दोन वाजता तळमळणाऱ्या माणसासमोर ती काढायची नसते, आईंनी नाही आणि ड्युटी डॉक्टरांनीही नाही. आणि एक बघा: वेदना अर्धवट ठेवली की माणूस घड्याळाकडे बघत बसतो, पुढचं इंजेक्शन कधी म्हणून सारखा विचारतो, आणि तेच वागणं 'व्यसनी' म्हणून लिहिलं जातं. पुरेसा डोस दिला की ते वागणं बहुधा आपसूक थांबतं.

पत्रात हायड्रॉक्सीयुरिया या क्रायसिस कमी करणाऱ्या औषधाचा उल्लेख नाही. 'वर्षातून दोन-तीनदा तरी' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून विचारते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने प्रौढांमधले वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर आणले होते, आणि वर्षात तीन किंवा अधिक मोठे क्रायसिस येणाऱ्या एसएस प्रौढांना ते सुचवावं असं ठरलेलं आहे. ते रोज घ्यायचं असतं, परिणाम दिसायला काही महिने लागतात, आणि रक्ताच्या पेशी नियमित मोजाव्या लागतात. पुढे मूल हवं असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी ते बोलून घ्या, कारण पुरुषांमध्ये शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. तो आधीच घेत असेल तर रोज खरंच घेतोय का, हे त्याला एकदा प्रेमाने विचारा. बरं वाटत असताना गोळी गिळायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो.

फॉलोअपला जाल तेव्हा डॉक्टरांकडून आणखी एक गोष्ट ठरवून घ्या: घरी कोणती गोळी किती अंतराने, आणि किती डोसांनंतरही उतरलं नाही तर निघायचं. 'आणखी तासभर बघू' यात रात्र निघून जाते, तसं नको. आणि त्या पानाचा मजकूर भावाला स्वतः सांगू द्या. लिहून तुम्ही घ्या हवं तर, पण काय लागू पडतं, कुठली शीर सापडते, दुखताना तो कसा वागतो हे त्याचं ज्ञान आहे आणि ते डॉक्टरांसमोर त्याच्याच तोंडून निघू द्या. वर तारीख टाका, आणि औषध किंवा डोस बदलला की जुनी प्रत फाडून नवी करून घ्या.